फ्लूच्या लशीनंतर खांदा आखडला, तर अमेरिकेत भरपाई कशी मागायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे. न्यू जर्सीत एच-४ व्हिसावर (नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या) राहणाऱ्या एका ताईंनी ऑक्टोबरमध्ये घराजवळच्या फार्मसीत एकाच वेळी दोन लशी घेतल्या, फ्लूची उजव्या दंडात आणि कोविडची डाव्या. त्याच रात्रीपासून उजवा खांदा ठणकायला लागला. वेणी घालता येत नाही, वरच्या फळीवरचा डबा काढता येत नाही, उजव्या कुशीवर झोपता येत नाही. डॉक्टरांकडे त्या पहिल्यांदा गेल्या डिसेंबरच्या शेवटी. फेब्रुवारीत एमआरआय झाला, फिजिओथेरपी सुरू झाली आणि दर वेळचा को-पे (विमा असूनही आपल्या खिशातून भरायचा हिस्सा) परवडेना म्हणून मार्चअखेर थांबली. आता मे चालू आहे, जूनमध्ये पुण्याला जायचं आहे. फार्मसीच्या कागदावर मात्र फ्लूची लस डाव्या हातात आणि कोविडची उजव्या हातात दिल्याची नोंद आहे. दावा कोणावर करायचा, वकिलाचा खर्च कसा झेपणार, व्हिसाला धोका आहे का, आणि ‘एवढ्याशा दुखण्यासाठी कोर्टाची पायरी कशाला चढायची’ असं घरचे म्हणतात त्यांना काय सांगायचं, असे त्यांचे प्रश्न आहेत.

ताई, मी अमेरिकेत लशीमुळे झालेल्या इजांचेच दावे चालवते, त्यामुळे उत्तर जरा लांबेल. आधी एक गोष्ट सांगते आणि ती आजच करा: पुण्याला जाण्याआधी ऑर्थोपेडिक डॉक्टरांची वेळ घ्या. का ते पुढे येईल. तुमच्या दाव्यात सध्या सगळ्यात मोठी उणीव तीच आहे.

घरच्यांच्या शंकेपासून सुरुवात करते. लस घेतल्यावर दंड एक-दोन दिवस दुखतो, ते सगळ्यांचंच दुखतं आणि जातं. तुमचं दुखणं तसलं नाही. दंडावरच्या जाड स्नायूत, खांद्याच्या टोकाच्या हाडापासून दोन-तीन बोटं खाली सुई जायला हवी. ती फार वर टोचली गेली तर स्नायूऐवजी खांद्याच्या हाडाखालच्या बर्सा नावाच्या पातळ पिशवीत किंवा तिथल्या स्नायुबंधांत लस जाते. मग तिथे सूज धरते आणि हात वर जाईनासा होतो. काहींचा खांदा पुरता आखडतो. वैद्यकीय नियतकालिकांत अशा रुग्णांची वर्णनं २००६-०७ पासून येत आहेत. २०१० मध्ये इथल्या भरपाई कार्यक्रमाकडे आलेल्या १३ दाव्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि तेव्हापासून या इजेला ‘सर्व्हा’ हे नाव रूढ झालं. दोष लशीतल्या औषधाचा नसतो, सुई कुठे टोचली याचा असतो. म्हणून पुढच्या वर्षी फ्लूची लस घ्यायला घाबरू नका. फक्त बाही नीट वर करून, किंवा सैल कपडा घालून, बसून घ्या.

आता दावा कोणावर. फार्मसीवर नाही, निदान आधी नाही. १९८६ च्या कायद्याने अमेरिकेत एक राष्ट्रीय भरपाई कार्यक्रम उभा केला आणि १ ऑक्टोबर १९८८ पासून तो सुरू झाला. या कार्यक्रमात येणाऱ्या लशींची एक यादी आहे. त्या यादीतल्या लशीमुळे इजा झाली असेल, तर लस टोचणाऱ्यावर किंवा बनवणाऱ्या कंपनीवर एक हजार डॉलरच्या वरचा दावा थेट लावताच येत नाही, आधी या कार्यक्रमातून जावं लागतं. फ्लूची लस यादीत आहे. अर्ज जातो वॉशिंग्टनच्या युनायटेड स्टेट्स कोर्ट ऑफ फेडरल क्लेम्समध्ये, ऐकतात तिथले स्पेशल मास्टर, म्हणजे असे दावे ऐकून निकाल देणारे त्या कोर्टाचे अधिकारी, आणि समोरच्या बाजूला कागदोपत्री नाव असतं आरोग्य खात्याच्या सचिवांचं. ‘सरकारविरुद्ध खटला’ हे वाचून पोटात गोळा येतो, माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांच्या येतो. पण पैसे फार्मसीच्याही खिशातून जात नाहीत आणि आरोग्य खात्याच्याही. लशीच्या प्रत्येक डोसवर, ती जितक्या रोगांसाठी असेल त्या प्रत्येकामागे ७५ सेंट कर लागतो, आणि त्या करातून साठलेल्या निधीतून भरपाई दिली जाते. तुम्ही टोचून घेतलेल्या डोसवरही तो कर भरलेला आहे. ज्या फार्मासिस्ट मुलीने लस टोचली तिची नोकरी जाईल का, असं तुम्ही काळजीने विचारलंय. या दाव्यात तिची चूक सिद्ध करावी लागत नाही, तिला उभंही करत नाहीत.

एखाद्या स्थानिक वकिलाने घाईघाईने फार्मसीवर राज्याच्या कोर्टात दावा ठोकला, तर तो प्रलंबित असेपर्यंत या कार्यक्रमात अर्जच करता येत नाही. आणि तिथे तडजोड करून पैसे घेतले तर इथलं दार बंद होतं. फार्मसीच्या विमा कंपनीकडून फोन आला, थोडे पैसे देतो, इथे सही करा असं कोणी म्हणालं, तर सही करू नका.

२१ मार्च २०१७ पासून ही खांद्याची इजा सरकारच्या अधिकृत तक्त्यात आहे. याचा उपयोग असा की तक्त्यातल्या अटी पुऱ्या झाल्या तर लशीमुळेच इजा झाली हे वेगळं सिद्ध करावं लागत नाही, कायदा ते गृहीत धरतो. जानेवारी २०२१ मध्ये ही इजा तक्त्यातून काढायचा नियम निघाला होता. सुई टोचण्यातली चूक म्हणजे लशीची इजा नव्हे, असा त्यामागचा युक्तिवाद. एप्रिल २०२१ मध्ये तो रद्द झाला, आणि माझ्या मते ते योग्यच झालं. ज्याचा हात वर जात नाही त्याला औषध आणि सुई यांतला भेद सांगून काय उपयोग?

अटी चार आहेत. त्या खांद्याचं आधीचं दुखणं नको. दुखणं लस घेतल्यापासून ४८ तासांच्या आत सुरू झालेलं हवं. दुखणं आणि हालचालीतली अडचण लस घेतलेल्या त्याच खांद्यापुरती हवी. आणि त्याचं दुसरं कारण नको, जसं मानेतून दबलेली नस. याखेरीज, त्रास सहा महिन्यांहून जास्त टिकलेला हवा, किंवा इस्पितळात दाखल होऊन शस्त्रक्रिया झालेली हवी.

आता तुमचे कागद या अटींशेजारी ठेवून बघू.

सर्वांत गुंतागुंतीचं प्रकरण हाताचं आहे. नुसतं डावं-उजवं चुकलं असतं तर मी एवढं ताणलं नसतं. पण तुमच्या बाबतीत कागद जसा आहे तसा खरा मानला, तर उजव्या खांद्यात गेली ती कोविडची लस. आणि कोविडची लस या कार्यक्रमात येतच नाही. तिच्यासाठी वेगळी योजना आहे, तिथे वेदनेची भरपाई नाही, वकिलाची फी नाही, कोर्ट नाही, आणि मुदत लस घेतल्यापासून फक्त एक वर्ष. म्हणजे एका चौकटीतली खूण इकडची तिकडे झाली की दावा एका कायद्यातून दुसऱ्यात जातो. म्हणून ती नोंद कशी झाली ते शोधायचं. फार्मसीत बहुतेक वेळा हाताची नोंद लस टोचण्याआधीच, संमतीचा फॉर्म भरताना, संगणकावरच्या यादीतून निवडून होते. नंतर खुर्चीत बसल्यावर आपण म्हणतो, ‘या हातात द्या’, आणि संगणक तसाच राहतो. स्पेशल मास्टरांनी हे अनेक खटल्यांत पाहिलेलं आहे. दुसरा पुरावा सातत्याचा असेल तर ते फार्मसीच्या नोंदीला अंतिम मानत नाहीत.

तो दुसरा पुरावा तुमच्याकडे असण्याची दाट शक्यता आहे. तुमच्या डिसेंबरच्या डॉक्टरांच्या टिपणात काय लिहिलंय ते शब्दशः वाचा. ‘ऑक्टोबरमध्ये उजव्या हातात फ्लूची लस घेतल्यापासून उजवा खांदा दुखतो’ असं असेल तर ते सोन्यासारखं वाक्य आहे, कारण तेव्हा तुमच्या मनात दावा नव्हता. ‘उजवा खांदा दुखतो, दोन महिने’ एवढंच असेल तरी चालेल, पण मग बाकीची जोड लागेल. त्या रात्रीचे व्हॉट्सॲप निरोप काढा. आईला, बहिणीला, नवऱ्याला काही लिहिलं होतं का? ‘फ्लूचं इंजेक्शन घेतलंय, उजवा हात वर जात नाहीये’ अशी एक ओळ, तारीख आणि वेळेसकट, कधी कधी तज्ज्ञाच्या अहवालापेक्षा जास्त काम करते. मराठीत असली तरी चालते. इंग्रजी भाषांतर आणि भाषांतर अचूक असल्याचं भाषांतरकाराचं प्रमाणपत्र जोडायचं. निरोप खोडू नका, फोन बदलणार असाल तर आधी जपून ठेवा. त्या दिवशीचा पट्टी लावलेल्या हाताचा फोटो असेल तर तोही. नवरा सोबत होता असं तुम्ही लिहिलंय, त्यांचं प्रतिज्ञापत्र घ्यायचं. कोणती लस कोणत्या बाजूला टोचली आणि घरी परतताना तुम्ही काय म्हणालात, हे त्यांनी त्यांच्या शब्दांत सांगावं, तुमचं पाठ केलेलं नको. फार्मसीकडे नोंद दुरुस्तीचा लेखी अर्जही करा. इथल्या आरोग्य-माहितीच्या कायद्यानुसार त्यांना ६० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. नाकारलं तर तुमचं असहमतीचं निवेदन नोंदीला जोडण्याचा हक्क तुम्हाला आहे.

आणि कोविडच्या योजनेचा अर्जही या ऑक्टोबरच्या आत, वर्ष भरण्यापूर्वी, टाकून ठेवावा असं माझं मत आहे. त्याला शुल्क नाही. तिथून फारसं हाती लागेल अशी आशा मी देणार नाही. पण मुदत गेली की तो मार्ग कायमचा गेला. दोन्ही अर्जांत एकमेकांशी विसंगत काही जाता कामा नये, म्हणून तो वकिलाला दाखवूनच पाठवा. ‘माझ्या आठवणीनुसार फ्लूची उजव्या हातात, फार्मसीची नोंद उलट सांगते’ हे खरं आहे, तेवढंच लिहायचं.

दुसरा प्रश्न, डॉक्टरांकडे उशिरा गेलात. आपल्याकडे दुखणं अंगावर काढायची सवय आहे, बायकांना तर जास्तच. तेल लावायचं, शेक घ्यायचा, ओव्याची पुरचुंडी, मुलांची शाळा, आलेले पाहुणे, आणि खांदा राहतो तसाच. यातलं काहीही कागदावर येत नाही, आणि सरकारी वकील विचारतात की इतकं दुखत होतं तर दोन महिने गप्प का बसलात? याला उत्तर आहे. लशीनंतर दुखतंच, थोडे दिवस थांबा, असं फार्मसीतच सांगतात, त्यामुळे लोक थांबतात, आणि हे स्पेशल मास्टरांना चांगलं ठाऊक आहे. दुखणं कधी सुरू झालं याची नोंद झाली नसेल किंवा चुकीची झाली असेल, तरी इतर पुराव्यावरून ते ४८ तासांतच सुरू झालं असं ठरवायची मुभा कायद्यानेच त्यांना दिली आहे. दोन महिन्यांचा उशीर दाव्याचा जीव घेत नाही, भरपाईची रक्कम मात्र थोडी कमी करू शकतो.

खरी अडचण मधल्या भेटींची असते. ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात तुम्ही दुसऱ्या कशासाठी डॉक्टरांकडे गेला होतात का? शुगर तपासायला, दातांसाठी, स्त्रीरोगतज्ज्ञाकडे? अशा भेटीच्या टिपणात बरेचदा ‘सांधे, स्नायू: तक्रार नाही’ असं छापील वाक्य आपोआप पडतं. डॉक्टरांनी विचारलेलंही नसतं. माझ्या एका अशिलाची, पन्नाशीतल्या मधुमेही गृहस्थांची, अशीच नोव्हेंबरची शुगरची भेट होती आणि सरकारच्या अहवालाचा निम्मा भाग त्या एका ओळीवर होता. पुढे जानेवारीतल्या फिजिओच्या पहिल्या कागदावर ‘सुरुवात: फ्लूची लस, त्याच संध्याकाळी’ असं सापडलं, पत्नीला पाठवलेला निरोप सापडला, आणि ती ओळ मागे पडली. तेव्हा असे कागद असतील तर लपवू नका. लस घेण्याआधीच्या तीन वर्षांचे आणि नंतरचे सगळे वैद्यकीय कागद द्यावे लागतातच. वकिलाला आधी कळलं तर त्याची तयारी करता येते.

मधुमेहाचा उल्लेख तुमच्याही पत्रात आहे, ‘बॉर्डरलाइन’ असं तुम्ही म्हटलंय. मधुमेहात खांदा आपोआप आखडण्याचं प्रमाण जास्त असतं, हे वैद्यकशास्त्र सांगतं आणि सरकारी बाजूही सांगणार. आपल्या लोकांत मधुमेह किती आहे ते मी सांगायला नको, म्हणून हा मुद्दा मराठी अशिलांच्या दाव्यात फार येतो. फरक सुरुवातीत दिसतो. मधुमेहातला खांदा सहसा हळूहळू, आठवड्यां-महिन्यांत धरत जातो. सुईने दुखावलेला खांदा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ठणकायला लागतो. तुमच्या एमआरआयमध्ये बर्साला सूज आणि वरच्या स्नायुबंधाला थोडी फाट आहे असं दिलंय, तेही तुमच्या बाजूचं आहे. ऑर्थोपेडिक डॉक्टरांना या दोन गोष्टींवर त्यांचं मत टिपणात लिहायला सांगा. काय लिहावं हे मात्र सुचवू नका.

आता सहा महिन्यांची अट, आणि म्हणूनच मी सुरुवातीला डॉक्टरांची वेळ घ्या म्हटलं. मधल्या ऑक्टोबरपासून सहा महिने म्हणजे मधला एप्रिल. तुमचा शेवटचा कागद मार्चअखेरचा, फिजिओचा, आणि त्यावर लिहिलंय ‘सुधारणा आहे, रुग्ण पुढे येणार नाही’. तुमचा हात मे महिन्यातही वर जात नाही हे तुम्हाला माहीत आहे, तुमच्या घराला माहीत आहे. फाइलला माहीत नाही. फाइल वाचणाऱ्याला वाटतं की साडेपाच महिन्यांत बाई बऱ्या झाल्या, म्हणून गेल्या नाहीत. पैसे परवडले नाहीत हे खरं कारण कुठेच लिहिलेलं नाही. नव्या भेटीत तीन गोष्टी स्वतःहून बोला: दुखणं त्या लशीपासून आजपर्यंत एकदाही पूर्ण थांबलेलं नाही, फिजिओ को-पेमुळे सोडली, आणि घरी सांगितलेले व्यायाम करताय (करत असाल तरच). हात किती अंशांपर्यंत वर जातो ते मोजून लिहायला सांगा. वाढवून सांगू नका. दहापैकी चार दुखत असेल तर चारच सांगा, सहा महिन्यांनंतरचं चारही कायद्याला पुरतं.

पुण्यात उपचार घेतलात तर ते चालतात, फक्त कागद हवेत. डॉक्टरांचं लेटरहेडवरचं प्रिस्क्रिप्शन, फिजिओच्या प्रत्येक बैठकीची तारखेसह नोंद, पावत्या. ‘ओळखीचे आहेत, पैसे घेत नाहीत’ असं असलं तरी टिपण मागून घ्या.

व्हिसाबद्दल. कायदा विचारतो की लस अमेरिकेत घेतली का. नागरिकत्व विचारत नाही. एच-१बी, एच-४, विद्यार्थी, सहा महिन्यांसाठी आलेले आई-वडील, लस इथे घेतली असेल तर सगळ्यांना अर्ज करता येतो. ही भरपाई गरिबांसाठीची सरकारी मदतही नव्हे. पुण्यात किंवा मुंबईत टोचलेल्या लशीची गोष्ट वेगळी. परदेशी घेतलेल्या लशीसाठी अपवाद आहेत, पण ते अरुंद आहेत: अमेरिकी सैनिक, सरकारी कर्मचारी व त्यांचे अवलंबित, किंवा अमेरिकेतल्या उत्पादकाची लस परदेशी घेऊन सहा महिन्यांत अमेरिकेत परतलेली व्यक्ती. भारतात असा कार्यक्रम नाही. तिथे हलगर्जीपणा सिद्ध करून ग्राहक आयोगाकडे, दोन वर्षांच्या आत, जावं लागतं, आणि ते भारतातल्या वकिलांचं काम आहे.

वकिलाच्या पैशांची भीती सोडा. या कार्यक्रमात फी कोर्ट ठरवतं आणि त्याच निधीतून देतं, तुमच्या रकमेतून कापत नाही. दावा हरला तरी, तो प्रामाणिकपणे आणि वाजवी आधारावर केलेला असेल तर, फी मिळू शकते. म्हणून इथे कोणी तुमच्याकडे तेहतीस टक्के मागितले तर तिथून उठा, कायद्यानेच त्याला बंदी आहे. अर्जाचं शुल्क ४०५ डॉलर आहे, तेही बहुतेक वकील आधी भरतात आणि शेवटी खर्चात मिळतं. वकील न्यू जर्सीचाच हवा असं नाही, या कोर्टात उभं राहायची परवानगी असलेला कुठल्याही राज्यातला चालतो. असे दावे नेहमी चालवणारा मात्र निवडा.

रक्कम किती, याचं सरळ उत्तर देता येत नाही. वेदना आणि त्रासासाठी वरची मर्यादा अडीच लाख डॉलर आहे, १९८६ पासून तेवढीच. तिथपर्यंत खांद्याचे दावे सहसा जात नाहीत. शस्त्रक्रिया न झालेल्या दाव्यांत रक्कम बहुधा हजारांतच राहते, दुखणं किती तीव्र, किती काळ, किती इंजेक्शनं, किती फिजिओ यावर ती ठरते. त्याशिवाय विम्याने न दिलेला खर्च आणि बुडालेला पगार. तुम्ही नोकरी करत नाही म्हणून काही मिळणार नाही, असं तुम्ही लिहिलंय, ते चूक आहे. सहा महिने स्वतःची वेणी घालता न येणं, तान्ह्या मुलाला एका हाताने उचलणं, पोळ्या लाटताना थांबत थांबत लाटणं, हे वेदना आणि त्रासाच्या हिशेबात येतं. प्रतिज्ञापत्रात ते तपशिलाने लिहा. ‘रोजची कामं करणं कठीण जातं’ या वाक्याने कोणाच्या डोळ्यांपुढे काही उभं राहत नाही.

बहुतेक दावे सुनावणीशिवाय, कागदांवर आणि तडजोडीने मिटतात, पण वेळ लागतो. वर्ष-दोन वर्षं सहज, कधी त्याहून जास्त. निकाल सार्वजनिक होतो आणि त्यात नाव येतं, हे आधीच जाणून घ्या. खाजगी तपशील वगळण्याची विनंती निकालानंतर १४ दिवसांत करावी लागते.

मुदत पहिल्या लक्षणापासून तीन वर्षं. तुमच्याकडे वेळ आहे, पण फार्मसीच्या संमतीच्या फॉर्मची मूळ प्रत, कॅमेऱ्याच्या नोंदी, लोकांच्या आठवणी तीन वर्षं थांबत नाहीत. फार्मसीने किंवा डॉक्टरांनी सरकारच्या व्हेअर्स यंत्रणेला (लशीनंतरच्या त्रासांची नोंद ठेवणारी यंत्रणा) कळवलं असेल तर चांगलंच, पण तो दावा नव्हे आणि त्याने मुदत थांबत नाही. अनेकजण तिथे फॉर्म भरून निश्चिंत बसतात आणि चौथ्या वर्षी फोन करतात, तेव्हा माझ्या हातात काही नसतं.

तेव्हा या आठवड्यात ऑर्थोपेडिकची वेळ, फार्मसीला संमतीच्या फॉर्मसह सगळ्या कागदांची लेखी मागणी, आणि फोनमधल्या ऑक्टोबरच्या निरोपांची जपणूक, एवढं करा. त्यातलं काय सापडलं ते मला इथेच कळवा, नावं आणि जन्मतारखा न लिहिता. डिसेंबरच्या टिपणातलं वाक्य हाती आलं की हाताचा प्रश्न किती सुटतो ते मी सांगेन.